तोंड ढोलाकडं : सांगली ते सातारा

शुक्रवार, सांगली

नव्वद सेकंदांच्या नाचासाठी दोन जिल्हे पालथे घालायचे, हे गणित मला आधी पटलंच नव्हतं. पण भाची पुण्याहून फोनवर म्हणाली, "आत्या, गजी नाच मला मोबाइलवर बघून नाही बसवायचाय," आणि माझी बोलतीच बंद झाली. गजी म्हणजे धनगरांचा, ढोलाभोवती वेढा धरून करायचा नाच. सांगलीत मी कथकचे वर्ग घेते. नाच बघून येत नाही, समोर बसून येतो, हे मुलींना ऐकवून ऐकवून माझा घसा सुकलाय.

भाचीची बारावी झालीय, पुण्यात कंटेम्पररी नाच शिकते. एका परदेशी वाहिनीवर तरुण मुलामुलींची नृत्यस्पर्धा असते, तिला तिथे प्रवेशिका पाठवायची आहे. स्पर्धेचं नाव लिहायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे. निवड झाली नाही तर सगळ्या भावकीत शोभा होईल, असं तिचं म्हणणं. नियम सांगायला हरकत नाही. नाच एकटीचा. वेळ दीड मिनिट, वर एक सेकंदही नाही. चित्रण एका दमात, मध्ये कुठे कट नको, आणि डोक्यापासून पावलांपर्यंत अंग पूर्ण वेळ फ्रेममध्ये. कॅमेऱ्यासाठी तिच्या वर्गातला एक मुलगा सोबत आलाय, मूळचा अकोल्याचा. गुणी पोरगा, पण सांगलीत उतरल्यापासून भडंगाची पुडी काही हातातून सुटलेली नाही.

संध्याकाळी तिने लॅपटॉपवर जुनी चित्रणं लावली. गाण्यांची युरोव्हिजन स्पर्धा १९५६ पासून चालू आहे, हे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. तीच मंडळी, म्हणजे युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन, तरुण नर्तकांसाठीही एक स्पर्धा भरवत होती: युरोव्हिजन यंग डान्सर्स. पहिली १९८५ साली इटलीतल्या रेज्जो एमिलियामध्ये झाली आणि स्पेनची मुलगी जिंकली. पुढेही बराच काळ स्पेनचाच वरचष्मा राहिला. साधारण सोळा ते एकवीस वयाची, अजून व्यावसायिक नर्तक न झालेली मुलं. एकेका देशाच्या वाहिनीने एखाद्याला, आधीच्या काळात कधी जोडीलाही, पाठवायचं. दर दोन वर्षांनी नवं शहर. २००५ च्या वॉर्सानंतर खंड पडला. २००७ आणि २००८ साली तिच्या जागी जोडीनाचाची मोठ्यांची स्पर्धा आणून बघितली, ती काही टिकली नाही. मग २०११ साली ऑस्लोत पोरांची स्पर्धा परत आली, ग्दान्स्क, प्लझेन अशी फिरली आणि २०१७ च्या प्रागनंतर थांबली ती थांबलीच.

भाचीला त्यातलं शेवटचं द्वंद्व फार आवडतं. नव्या रूपात सगळ्यांचे एकेकटे नाच झाले की परीक्षक दोघांना निवडत आणि ती दोघं समोरासमोर उतरत. माझं लक्ष भलतीकडेच गेलं. मुलगा असो की मुलगी, बॅले असो की आणखी काही, शेवटच्या क्षणाला मान बरोबर कॅमेऱ्याकडे. घाम गळतोय, छाती धपापतेय, आणि डोळे भिंगात. आमच्या कथकातही समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना समोरच बघायचं असतं, त्यामुळे मला ते खटकलं नाही, उलट ओळखीचं वाटलं.

"पण आपली पोरं तर अमेरिकेत जिंकून आलीत की," कॅमेरावाला म्हणाला. खरं आहे. वसई-नालासोपाऱ्याकडच्या द किंग्ज या ग्रुपने २०१९ साली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ जिंकून दहा लाख डॉलर घेतले, आणि पुढच्याच वर्षी व्ही अनबीटेबलने ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’ची विजेत्यांची स्पर्धा मारली. पण ती सगळी जमावाने नाचणारी मंडळी. एकाने उडी घ्यायची, चौघांनी झेलायची. एकटीला कोण झेलणार, हा माझा प्रश्न होता. भाचीने लॅपटॉप मिटला.

जेवणाआधी पाय मोकळे करायला विष्णुदास भावे नाट्यमंदिराकडे गेलो. सांगलीचा माणूस पाहुण्याला तिथे नेल्याशिवाय राहत नाही, आणि १८४३ सालचं ‘सीतास्वयंवर’ सांगितल्याशिवाय तर नाहीच नाही. मीही सांगितलं. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिले, तसं काही मराठीत करा म्हणून विष्णुदासांना सांगितलं, आणि मराठी नाटक उभं राहिलं. त्या खेळांत सुरुवातीला मोरावर बसलेली सरस्वती नाचत यायची. म्हणजे मराठी रंगभूमीवर मूळ कथेच्याही आधी नाच आला.

"आणि ती कुणाकडे तोंड करून नाचायची?" भाचीने विचारलं.

राजाकडे. दुसरं कुणाकडे करणार?

शनिवार, मिरज, हरिपूर

मिरजेला जायचं कारण असं की ढोलाखाली तंबोऱ्याचा सूर धरला तर कसं वाटेल, असं भाचीच्या डोक्यात आलं होतं. मला ते मुळातच पटत नव्हतं. पण तंबोरा ऐकायला मिरजेला येऊन कुणाचं वाईट झालेलं नाही.

सतारी-तंबोऱ्यांच्या गल्लीत शिरलं की आधी भोपळे दिसतात. माळ्यावर, जिन्याखाली, दाराआड, धूळ खात पडलेले पोकळ भोपळे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. खायचे नव्हेत, जाड सालीचे, कडू. इथली सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. एका दुकानात एक वयस्क कारागीर जवारी काढत, म्हणजे तारेची गुंज जुळवत, बसले होते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीने घासायचा, अगदी एखादाच हात, की लगेच तार छेडायची. कान लावायचा. परत एक हात. बोटाने चुरा पुसायचा. तारेखाली दोरा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे. आणि अचानक तीच तार, जी इतका वेळ नुसतीच टणटणत होती, ती गुंजायला लागते. भाची मांडी घालून बसली ती उठेचना. कारागिरांनी एकदाही वर बघितलं नाही. गिऱ्हाईक आहे की नुसते बघे, याची विचारपूसही नाही.

कॅमेरावाल्याने नंतर मोजलं. एका तारेला, त्याच्या चित्रणाप्रमाणे, त्यांना बावीस मिनिटं लागली.

तिथून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आहे. आणि मिरजेत असताना बालगंधर्वांचा विषय न काढणं मला जमत नाही: १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीतून ते पहिल्यांदा रंगभूमीवर उभे राहिले ते याच गावात, ‘शाकुंतला’त. जन्म १८८८ चा, म्हणजे सतराव्या वर्षी.

"माझ्याएवढा?" भाची म्हणाली आणि बराच वेळ गप्प होती. तिला धीर आला की दडपण, ते समजलं नाही.

संध्याकाळी हरिपूरला संगमेश्वराचं दर्शन, कृष्णा-वारणेच्या संगमावर थोडा वेळ, परत. तंबोऱ्याचा बेत रात्रीच रद्द झाला. ढोलाचं चित्रण आणि तंबोरा एकत्र लावून बघितलं, तर दोन्ही एकमेकांना ऐकू देत नव्हते. मी काही बोलले नाही. फक्त दुसरी पोळी वाढली.

रविवार, आरेवाडी

पहाटे निघालो. उसाचा हंगाम, त्यामुळे मिरजेपर्यंत ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या, ओव्हरटेक करायची सोय नाही. कवठेमहांकाळच्या पुढे रान उघडं होत जातं. माझ्या लहानपणी हा सगळा पट्टा टँकरचा. आता म्हैसाळ योजनेने कृष्णेचं पाणी वर चढवलंय, त्यामुळे माळावर मध्येच द्राक्षाची हिरवी बाग दिसते, परत खुरटं गवत, परत बाग. नागजवरून आत वळलो.

आरेवाडी म्हणजे बिरोबाचं बन. रविवार असल्याने गर्दी होतीच. जीपगाड्या, टेम्पो, झाडाखाली मांडलेल्या चुली, कपाळं पिवळी, पायऱ्या पिवळ्या, भंडारा नाकातोंडात जातोय, आणि मधूनच कुठून तरी "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" कॅमेरावाल्याने कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधली तरी रात्री लेन्सच्या कडेतून भंडारा निघालाच.

माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील जत भागातले. त्यांच्या ओळखीतून गजीचं एक मंडळ येणार होतं. आले, पण आधी बोलणी झाली. बायका गजीत नाचत नाहीत. बायकांच्या ओव्या आहेत, फुगड्या आहेत. ढोलाभोवतीचा वेढा पुरुषांचा. मंडळातले एकदोघे नाराज होते आणि ते त्यांनी तोंडावर सांगितलं, ते बरं झालं. शेवटी ढोल वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी तोडगा काढला. "देवाम्होरं न्हाई. हिकडं झाडाखाली पोरगी नाचू दे. शिकायला आलीया, शिकू द्या." नारळ फुटला, ढोलाला भंडारा लागला, आणि काम सुरू झालं.

गजी ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगायचं तर, मधे ढोल. मोठा, दोन तोंडांचा, गळ्यात अडकवलेला. एका तोंडाला काठी, दुसऱ्याला हात. जोडीला झांजा. भोवतीने माणसांचा वेढा, पांढरे अंगरखे, डोक्याला फेटे, हातात रंगीत रुमाल. सगळे आतल्या बाजूला तोंड करून. सुरुवात इतकी संथ की नवख्याला वाटावं, अजून सुरूच झालं नाही. एक पाय पुढे, गुडघा वाकला, रुमाल खाली गेला, वर आला. परत तेच. साठीतला माणूस आणि मिसरूड न फुटलेला पोरगा एकाच अंतरावर, एकाच वाकात. ढोल हळूहळू चढवत नेतो आणि मग केव्हातरी चाल बदलते. कशी बदलते ते मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. कुणी आकडे मोजत नाही, कुणी "हां" म्हणत नाही. बाबा काठीचा एक ठोका जरासा दाबून मारतात, आणि अख्खा वेढा उलटा फिरतो.

कथकवालीची खोड म्हणून मी सम शोधत होते. सापडली ती कानाला नाही, डोळ्याला: सगळे एकदम जिथे खाली बसल्यासारखे वाकतात, तिथे.

भाचीची मात्र दैना. तिला आठाच्या गिनतीची सवय, पाच-सहा-सात-आठ म्हणत पाऊल टाकायचं. ढोल आठात बसेना. शिवाय तिच्या नाचात अंग वर जातं, हवेत थांबतं. इथे सगळा भार खाली, टाचेतून जमिनीत. मुरमाड जमीन, अनवाणी पाय. थोड्याच वेळात तिच्या नडग्या भरून आल्या. युरोपात त्या टीव्हीवाल्या पोरांच्या पायाखाली लाकडाची लवचीक जमीन असते, वर विनाइलचा थर. उडी मारली की जमीनच थोडी दबते, गुडघ्याला धक्का कमी बसतो. बिरोबाच्या बनात जमीन दबत नाही. गुडघ्यालाच दबावं लागतं, आणि गजीतला तो वाक बहुधा म्हणूनच आहे, असं मला तिथे उभं राहून वाटलं. पुस्तकात असं कुठे वाचलेलं नाही, माझाच तर्क.

कॅमेरावाल्याची तऱ्हा वेगळी. कुठेही उभा राहिला तरी निम्म्या लोकांच्या पाठी. आत शिरला तर पावलं दिसेनात. शेवटी तो मला म्हणाला, "काकू, यांना जरा अर्धगोल करायला सांगा ना. पुढची बाजू उघडी." मंडळातला एक तरुण लगेच म्हणाला, "करतूय की! मंबईला कार्यक्रमात तसंच करायला लावत्यात. सायेब लोकं म्होरं बसल्यालं असत्यात न्हवं." आणि त्यांनी करूनही दाखवलं. सराईतपणे वेढ्याचा चंद्र झाला, चेहरे आमच्याकडे, हसरे. फ्रेम एकदम सुरेख. कॅमेरावाला खूश.

बाबांनी वाजवायचं थांबवलं नाही, पण ढोल उतरला. मला तरी ऐकू आलं. हात तोच, काठी तीच, जोर नाही.

नंतर भाचीने त्यांच्याशेजारी बसून विचारलं, असं अर्धगोल केल्यावर काय बिघडतं. बाबा हाताला लागलेला भंडारा धोतराला पुसत होते. तळव्याच्या भेगांमध्ये तो इतका मुरलेला की पुसून जाईना. म्हणाले, "बिघडत काय न्हाई. पर पोरी, तोंड ढोलाकडं पायजे. पाठ कुणाकडंबी असू दे. म्या हिकडनं तुझं पाय बघतूय, तू माझा हात बघतीयास. तितनं नाच हुतूय. तू जर त्या मिशिनीकडं बघाया लागलीस तर म्या कुणाला वाजवू?"

मला हे ऐकून पहिल्यांदा राग आला, खरं सांगते. तीस वर्षं मी मुलींना समोर बघा, समोर बघा म्हणून ओरडतेय. प्रेक्षकांकडे पाठ करणं आमच्यात उद्धटपणा समजतात. पण ती उतरलेली ढोलाची थाप मी स्वतःच्या कानांनी ऐकली होती, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. वाजवणाऱ्याला नाचणारा दिसला पाहिजे, हे तर तबल्याच्या साथीलाही लागू आहे. आम्ही तबलजीला बाजूला बसवून त्यातून वाट काढली, एवढंच.

दुपारनंतर मंडळ परत वेढा धरून नाचलं. या खेपेला भाची वेढ्याबाहेर, पण त्याच फेऱ्यात, त्याच दिशेने. आकडे मोजायचे सोडल्यावर ती बरी नाचली. चाल बदलताना दोनदा चुकून ती उलट्या फिरणाऱ्या माणसावर आदळली, तर त्या माणसाने नाच न थांबवता खांद्यानेच तिला वळवून दिलं. निघताना बाजरीची भाकरी, डाळकांदा, आणि देवाचा प्रसाद. मुक्काम विट्याला.

रात्री भाचीने घड्याळ लावून सगळं चित्रण तपासलं. नव्वद सेकंदांत मंडळी जेमतेम एक वेढा पुरा करून मूळ जागी आली होती.

सोमवार, विटा ते सातारा

विट्याबद्दल लिहायला हवं, कारण या तालुक्यातले गलाई बांधव सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेत आणि दर चौथ्या घरातलं कुणीतरी कोइमतूरला नाहीतर कोलकात्याला असतं. पण आम्ही तिथे फक्त झोपलो आणि चहा प्यायलो. कडेगावावरून जाताना तिथल्या मोहरमच्या उंच ताबुतांची गोष्ट सांगायला मी सुरुवात केली. मागच्या सीटवर दोघेही घोरत होते. कराडला प्रीतिसंगमावर थांबलो, यशवंतरावांच्या समाधीला हात जोडले, पुढे.

कराड सोडल्यावर दोघांना जाग आली आणि वाद सुरू झाला. पाऊण तासाचा नाच दीड मिनिटात बसवायचा कसा? कॅमेरावाल्याचं मत, संथ भाग पंधरा सेकंद, मधला तीस, बाकी जोरात. सगळ्या टीव्ही स्पर्धांत तसंच करतात. त्याचं चूक नाही. परीक्षकाने दिवसभरात अशा कित्येक प्रवेशिका बघायच्या, तर चढत जाणाऱ्या लयीची वाट बघायला त्याला वेळ कुठून असणार? भाचीला मात्र ते बाबांच्या ढोलाची नक्कल करून हसवल्यासारखं वाटत होतं.

मी लोझानचा विषय काढला. स्वित्झर्लंडमध्ये १९७३ पासून तरुण बॅले नर्तकांची प्री द लोझान म्हणून स्पर्धा होते, पंधरा ते अठरा वयाच्या मुलांची, जगभर थेट दिसते. मला तिच्यातली एक गोष्ट फार आवडते. तिथे रंगमंचावरच्या नाचाइतकंच वर्गातल्या कामाकडे परीक्षकांचं लक्ष असतं. मुलं रोजचा सराव करत असतात, परीक्षक भिंतीला लागून बसलेले, गुण लिहीत. मूल शिकतं कसं, चुकल्यावर काय करतं, हे बघायचं. शिवाय तिथला रंगमंच बरीच वर्षं प्रेक्षकांच्या बाजूला उतरता होता; सपाट जमिनीवर वाढलेल्या पोरांचा गिरकीत तोल जायचा आणि त्यांना थोड्याच दिवसांत नव्याने उभं राहायला शिकावं लागायचं. हेही परीक्षकांना दिसायचं. दीड मिनिटाच्या चित्रफितीत यातलं काय दिसणार? वेढ्याबाहेर नाचताना खांद्याचा धक्का खाऊन भाची कशी वळली, ते मला कुठल्याही उड्यांपेक्षा मोलाचं वाटलं होतं. ते मात्र पाठवता येत नव्हतं, कारण त्यात ती एकटी नव्हती.

साताऱ्याच्या अलीकडे भाची म्हणाली, "आत्या, मी सुरुवात पण नाही करणार आणि शेवट पण नाही. मधलाच तुकडा घेते. ढोल चढतोय तिथून धरायचा आणि चढत असतानाच सोडायचा."

मी म्हटलं, शेवट नसलेला नाच परीक्षकांना अर्धवट वाटेल. ती म्हणाली, वाटू दे.

संध्याकाळ जागा ठरवण्यात गेली. माझा आग्रह शाहू कलामंदिरचा. रंगमंच, प्रकाशयोजना, बंद जागा, आवाजाचा त्रास नाही. तिला माती हवी होती. कासचं पठार तर विचारातच घेऊ नका म्हटलं. जागतिक वारशातली जागा, तिथे पाऊल कुठे टाकायचं यालाही नियम आहेत. शेवटी माझ्या मावसभावाने, तो साताऱ्यात क्रीडाशिक्षक आहे, सोपा मार्ग सुचवला. खो-खोचं मैदान. खडे वेचलेले, माती चाळलेली, रोज पाणी मारून रोलर फिरवलेला. "सकाळी सातच्या आत आटपा, मग पोरं येत्यात," एवढीच अट. कंदी पेढे खाऊन लवकर झोपलो.

मंगळवार, सातारा

थंडी चांगलीच होती. अजिंक्यताऱ्यावर अजून ऊन पडलेलं नव्हतं. मावसभाऊ फक्कीची बादली घेऊन हजर.

आणि इथे एक मजा झाली, जी मला आयुष्यभर नाच शिकवून कधी कळली नव्हती. कॅमेरावाल्याने कॅमेरा तिवईवर लावला आणि पडद्यात बघून सांगत गेला: "इथे डावी कड… अजून बाहेर… हां." मावसभाऊ तिथे फक्की टाकत गेला. पाच मिनिटांत मैदानावर पांढऱ्या रेघांनी कॅमेऱ्याची नजर उमटली. कॅमेऱ्याशी निमुळती, मागे पसरत जाणारी, पाचरीच्या आकाराची. पुढे यायचं तर जागा दोन पावलांची. मागे गेलं तर ऐसपैस, पण तिथे माणूस बोटाएवढा दिसणार. टीव्हीवर नाचणारी पोरं शेवटी पुढे का धावत येतात ते मला त्या रेघा बघून समजलं. त्या निमुळत्या टोकाकडेच सगळा जोर असतो.

भाचीने फक्कीची बादली घेतली आणि त्या पाचरीच्या आत, मागच्या अंगाला, दोरी धरून एक गोल काढला. बरोबर मधे स्पीकर ठेवला. त्यातून रविवारचा ढोल वाजणार होता. कॅमेरावाल्याला तो काळा डबा फ्रेममध्ये नको होता, तर मावसभावाने गाडीतलं घोंगडं आणून त्यावर टाकलं. आता ते लांबून कुणीतरी गुडघ्यात मान घालून बसल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, राहू दे, बरं दिसतंय.

मग नाच. तोंड त्या घोंगड्याकडे. पहिले काही सेकंद कॅमेऱ्याला तिची नुसती पाठ, मग गोलात फिरताना बाजू, मग अर्ध्या वेढ्यावर चेहरा येतो, तोही खाली ढोलाकडे बघणारा, आणि परत पाठ. गजी जसाच्या तसा नाही, त्यात तिचं स्वतःचं अंग होतं. हात लांबवायची तिची पद्धत, मानेचा तो झटका. पण भार खाली. टाच पडली की मैदानाची माती किंचित उडायची. पहिल्यांदा स्पीकरचा आवाज कमी पडला, एकदा कुत्रं आलं, एकदा ती रेघेबाहेर गेली आणि फ्रेममध्ये हात कापला गेला. साडेसहाच्या सुमाराला जो झाला, तो झाला. चाल बदलते तिथे ती उलटी फिरली आणि खांदा असा टाकला, जणू कुणीतरी धक्का दिला होता. ढोल चढत होता आणि नव्वदाव्या सेकंदाला बंद पडला. ती थांबली नाही, तिने ते पाऊल पूर्ण केलं. ते चित्रणात नाही.

मी तेव्हाही सांगितलं आणि आत्ताही सांगते, एकदा तरी समोर बघायला हवं होतं. चेहरा बघितल्याशिवाय माणूस लक्षात राहत नाही, आणि स्पर्धा म्हणजे शेवटी लक्षात राहणं. कॅमेरावाला माझ्या बाजूने. मावसभाऊ म्हणाला, खो-खोत पाटीवर बसलेले पण एक आड एक उलट्या तोंडाने बसतात, बघणाऱ्याचं कुठं काय अडतं? या उदाहरणाचा इथे काय संबंध ते मला अजून समजलेलं नाही.

सात वाजता पोरं आली आणि फक्कीवर धावाधाव करून सगळ्या रेघा पुसून टाकल्या.

दुपारी मावसभावाच्या घरी बसून अर्ज भरला. नाव, वय, पालकांची संमती, सगळं झालं. मग रकाना आला: संगीतकाराचं नाव. एकच नाव, आडनाव, जन्मतारीख. भाचीने आरेवाडीतच बाबांना विचारून ठेवलं होतं की तुमचा ढोल वापरू का, आणि ते हो म्हणाले होते. "फकस्त आमचं नाव लिवा" ही त्यांची अट. आता फोन लावला. रेंज तुटत होती. आधी त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं, जे वारून किती वर्षं झाली कोण जाणे, कारण हात त्यांनी शिकवला. मग झांजेवाल्याचं. मग म्हणाले, नाचणाऱ्यांची बी घाल, ती नसती तर म्या काय वाजवलं असतं? आणि एकेक करून सगळा वेढा सांगायला लागले, गावासकट, मधेच कुणालातरी विचारून आडनाव दुरुस्त करत.

रकान्यात तीन नावं मावली आणि चौथ्याचं पहिलं अक्षर. जन्मतारखेशिवाय पान पुढे सरकेना, म्हणून बाबांच्या आधार कार्डावरची घातली. १ जानेवारी आहे, त्यांच्या वयाच्या बहुतेकांची असते तशी. बाकीची यादी भाचीने आयोजकांना वेगळ्या ईमेलने पाठवली. पोच मिळाल्याचं यंत्राचं उत्तर लगेच आलं. माणसाचं उत्तर आलं की कळवते म्हणाली, आणि चारच्या पुण्याच्या बसला दोघांना बसवून मी सांगलीची गाडी धरली.